हिंदुरावचं कोपर

हिंदुराव उल्हासनगरच्या रेशीम गिरणीकडून खेळणार अशी आवई उठली, तेव्हा सगळ्यांत जास्त धास्ती मी घेतली. का म्हणजे? अहो, अंबरनाथच्या आमच्या कारखान्याच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर मी, महिपती! सरावात त्याचा एक फटका अडवला तर करंगळी वाकडी झाली. आता तेच फटके मॅचमध्ये खायचे?

लीगमध्ये नावं नोंदवायची मुदत शनिवारी संध्याकाळी संपणार. आणि हा बाबा पंधरा दिवस तोंड फुगवून बसलेला. सरावाला येईना, कॅन्टीनमध्ये आमच्या बाकावर बसेना. आमच्या खात्यातले कोंडाजी म्हणजे फुकटचं वर्तमानपत्र. सोमवारी म्हणाले, "गिरणीवाले त्याला मुकादम करणार." मंगळवारी म्हणाले, "खोलीपण देणार." बुधवारी तर शपथेवर, "रोज संध्याकाळी उल्हासनगरच्या कॅम्पात जातो. ह्या डोळ्यांनी पाहिला!"

माझं टाळकंच सटकलं. चामटोलीच्या शेतातून ह्याला मी आणला, कारखान्याच्या शरदचंद्र साहेबांकडे शब्द टाकून कामाला लावला, आणि हा असा उलटतो? गुरुवारी सुट्टीचा भोंगा झाला तसा मी त्याच्या मागावर निघालो. कॅम्पात तो एका फोटोवाल्याच्या दुकानात शिरला. मीही शिरलो.

"वा रे वा! गिरणीसाठी फोटो काढतोस? खाल्ल्या घरचे वासे मोजतोस?"

हिंदुरावनं मान फिरवली. फोटोवाला लोकुमल मात्र वैतागून म्हणाला, "अरे साईं, ये रोज आके कपवाला फोटो मांगता है. काच की निगेटिव प्लेट ही टूट गई, मैं कहाँ से दूँ?"

कपवाला फोटो! मला घामच फुटला. गेल्या महिन्यात आम्ही कप जिंकलो, तेव्हा लोकुमलनंच टीमचा फोटो काढला होता. तो कॅन्टीनमध्ये लावायचं काम माझ्याकडे. नवी फ्रेम कशाला, म्हणून घरातली जुनी काढली. फोटो दोन बोटं मोठा निघाला. मध्ये खुर्चीवर साहेब, त्यांना थोडंच कापता येतं? डावी कड कात्रीनं उडवली. कडेला उभा होता हिंदुराव. त्याचं नुसतं कोपर उरलं.

"आय आलती चालत, फोटो बघायला," हिंदुराव म्हणाला. "एकेका पोरावर बोट ठेवलं तिनं. मग म्हणाली, तू खेलतोस, ते खरं ना रं?"

"मग मला सांगायचं ना, माणसा!"

"तुला काय सांगणार? कात्री तुझीच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी धीर करून विचारलं, "आणि गिरणीचं?"

"बोलावलंय. भिंतभर फोटो लावणार म्हणतात. माझा एकट्याचा."

म्हणजे आवई अगदीच खोटी नव्हती! शुक्रवारी शरदचंद्र साहेबांपुढे कान धरले. साहेब पोट धरून हसले आणि म्हणाले, "उद्या पुन्हा काढू." शनिवारी सकाळी मी स्वतः चामटोलीला जाऊन त्याच्या आईला, विठाकाकीला, घेऊन आलो. दुपारी साहेबांनी उठून तिला आपल्या खुर्चीवर बसवलं. ती बिचारी लाजून खुर्चीच्या टोकाशीच बसली. मागे टीम, मधोमध हिंदुराव. लोकुमलनं फोटो काढला.

पण माझा खरा जीव अडकलेला टेबलावरच्या लीगच्या नावनोंदणीच्या कागदात. दहा जणांच्या सह्या झाल्या होत्या, हिंदुरावची नव्हती. कोंडाजी कुजबुजले, "फोटो निघाला, आता चालला बघ."

ते ऐकून काकीनं सरळ लेकालाच विचारलं, "तिकडच्या फोटूत ही पोरं असतील?"

"नाय आये. मी एकलाच."

"एकलाच?" काकी चकित झाली. "मंग तुला चेंडू कोन देनार?"

 हिंदुराव खो खो हसला, माझ्या खिशातलं पेन ओढलं आणि आमच्या कागदावर सही केली.