उडदातला फासा

काळ्या उडदात काळा फासा — ताटाच्या कडेला, वीस तोंडांचा, प्रत्येक तोंडावर पांढरा आकडा, आणि वर आलेला आकडा सात, म्हणजे धड जीत नाही, धड हारही नाही. वरच्या फळीवरून खेळाचा डबा काढताना पडला असणार. हेमलता ओट्याला टेकून त्याच्याकडे बघत राहिली. उचलायला हवा होता, उचलवेना. उडदात हात घालायचा म्हटलं की आधी बोटं मागे यायची आणि मग ती स्वतःवरच चिडायची — बाई गं, उडीद आहेत ते, पिंप्राळ्याच्या किराणा दुकानातले, संध्याकाळी भाकरीबरोबर खायचे आहेत तुला...

"हाऊ कोन्ता दाना शे वं पोरी?" गुंताफुईने विचारलं, आणि फासा दोन बोटांत धरून उजेडाकडे केला. एक डोळा बारीक करून. हसून.

फुईला उडदाचं काही वाटत नाही. हेच हेमलताला कळत नाही. गुंताफुई, वडिलांची सख्खी बहीण, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगरातल्या त्या गावात आयुष्य काढलेली — ती इथे जळगावात रोज सकाळी ताट घेऊन बसते, खडे वेचते, गुणगुणते. आणि जिने फक्त दाराच्या फटीतून पाहिलं, त्या भाचीला मळमळतं.

"खेळातला आहे. दे," हेमलता म्हणाली. फासा धुतला. साबणाने. मग पुन्हा एकदा धुतला.

आज रविवार, म्हणजे दुपारी तिघं येणार. खेळ तसा साधा आहे: हेमलता गोष्ट सांगते, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत उतरतात, आणि उडी जमली की नाही, वार लागला की नाही, ते फासा ठरवतो. धुळ्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये शिकली होती ती हे. पाइपच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर नोकरी लागल्यावर तिने इथे स्वतःचा फड जमवला. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. पात्रांना आपल्याकडची नावं द्यायची ही हौसही तिचीच — भामटा, लढवय्या, वैदू, तीरंदाज. इंग्रजी नावं जिभेवर पोचट लागायची. मोठी हौस! आता भोग. कारण शुक्रवारी ऑफिसात चहा पिताना रुखसारचा मेसेज आला: "मास्तरीणबाई, माझा तीरंदाज तर मेला. आता मला डाकीण व्हायचंय. हो म्हण ना." खाली हसरं तोंड. हेमलताने चहा तसाच ठेवला. साय धरली त्याच्यावर, सुरकुतली, आणि ती सुरकुती बघूनसुद्धा तिला शिसारी आली.

आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करणार?

स्कूटरवर शेव आणायला गेली तेव्हाही डोक्यात तेच. नाही म्हणायचं, एवढंच तर आहे. मास्तरीण नाही म्हणू शकते. हे पात्र माझ्या गोष्टीत नाही, संपलं. पण रुखसार विचारणार, का? आणि का याचं उत्तर स्वयंपाकघरात ताट घेऊन बसलेलं आहे. फुईला गावातून आणलं त्या दिवशी एसटीत तिचा हात धरून मी मनाशी पक्कं केलं होतं, की माझ्या घरात तो शब्द उंबरा ओलांडणार नाही. खेळाला येणाऱ्यांनाही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी फुईकडे कसं पाहिलं असतं — कीव करत, किंवा त्याहून घाण, कुतूहलाने — आणि फुईने दिलेला चहा घेताना त्यांची बोटं क्षणभर... नको. नकोच ते.

दुकानदाराने शेव कागदात बांधली. तेल लगेच कागदातून बाहेर आलं.

...तेव्हाही सगळं तेलकट होतं. शेजारच्या कौतिकचं पोर तापाने गेलं, आणि ते कुणी खाल्लं हे शोधायला उखर्डू भगताने सुपात उडदाचे दाणे टाकले. हेमलता शाळकरी होती. त्याच्या बोटांना तेल होतं, दाणे चिकटायचे, तो ते झटकायचा, पुन्हा टाकायचा, आणि सगळं गाव त्याच्या हाताकडे बघत होतं. फुईसुद्धा गर्दीत उभी राहून बघत होती, कारण अजून दाणे तिच्या बाजूला पडले नव्हते. मग पडले. म्हणजे त्याने म्हटलं, पडले. आणि ज्या बायका सकाळी तिच्याबरोबर मोहाची फुलं वेचून आल्या होत्या त्यांनीच तिचे केस धरले, आणि विद्या मोडायची म्हणून गोठ्यातलं शेण तिच्या तोंडात... हेमलताने दाराच्या फटीतून पाहिलं. आजही राग आला की तिला जिभेवर तीच चव येते, न चाखलेली. पुढे पोलीस आले, समेट झाला, आणि समेटाच्या पंगतीला बकरं कापलं ते फुईचं. ओरपून खाल्लं लोकांनी. हाडं चोखली. शी!

दुपारी तिघं आले. रुखसार, तिच्याच ऑफिसातली, हिशेबाच्या खात्यात. रुखसारचा भाऊ अल्तमश, गाड्यांच्या सीटला कव्हर शिवतो, हात कायम रेक्झिनच्या वासाचे. आणि ड्रॉइंगवरचाच जगदीश, ज्याला सगळ्यातलं सगळं कळतं. फुई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात. दार हेमलताने लोटून घेतलं. जरा जास्तच घट्ट.

"मग?" रुखसार बसल्या बसल्या म्हणाली. "माझी डाकीण?"

"हळू बोल," हेमलता म्हणाली.

"का? झोपलंय कुणी?"

"नाही... तू दुसरं काही घे. वैदू घे. नाहीतर चेटकीण म्हण, पण ते नाव नको."

"चेटकीण!" रुखसारने तोंड वाकडं केलं. "ती पोरांच्या पुस्तकातली. झाडूवर बसते, नाक लांब. माझी नानी सांगायची ती डाकीणच. नुसतं नाव घेतलं की आम्ही गोधडीत."

"माझ्या गोष्टीत डा... ते पात्र नाही. मी ठरवते काय चालेल ते."

हे म्हणताना तिचा आवाज कसा झाला ते तिलाच ऐकू आलं. जगदीशने शेवेची मूठ तोंडात टाकली, बोटं चोखली, आणि त्याच बोटांनी फासा उचलला. हेमलताला वाटलं, आता मी ओकते.

"मास्तरीणबाई, हे काय बरोबर नाही," तो म्हणाला. "राक्षस चालतात तुम्हाला. भुतं चालतात. मागच्या वेळी आम्ही अख्खं गाव पेटवलं, माणसांसकट, तेव्हा तुम्हीच म्हणालात वा. आणि एक डाकीण चालत नाही? खेळात काय, सगळं चालतं."

खरंच म्हणाली होती वा. फासा वीसवर पडला होता, अल्तमश नाचला होता, जगदीशने पळणाऱ्या गावकऱ्यांचे आवाज काढले होते, अहिराणीत, आणि ती हसली होती. ते कसं चाललं मला? त्या कागदाच्या गावात कुणाची फुई नव्हती का?

"जाऊ दे ना यार," अल्तमश बहिणीला म्हणाला. "ताई नको म्हणतायत तर नको. तू घे ना भामटा."

"तू गप रे. तुला काय कळतंय!" रुखसारचा चेहरा एकदम लाल झाला. मग ती हेमलताकडे वळली, आणि आता ती थट्टेत बोलत नव्हती. "हेमा, मी रोज रिक्षा स्टँडवरून जाते. रोज. त्यांची तोंडं तुला माहितीयेत, तूच शिव्या घालतेस त्यांना. ऑफिसात साहेब खांद्यावर हात ठेवून फाइल मागतो. मला एकदा, निदान एकदा, खेळात तरी, अशी बाई व्हायचंय जिला बघून लोक रस्ता सोडतात. एवढंच. त्यात तुझं काय जातंय?"

रस्ता सोडतात... सोडायचे की! फुई पाण्याला निघाली की बायका पोरांना पदराखाली घेऊन बाजूला व्हायच्या. विहिरीवर तिच्यासाठी केवढी जागा! हेमलताला हसू आलं आणि ते हसू घशातच आंबलं. हिला रस्ता हवाय, आणि रस्ता सोडणं कशाला म्हणतात ते हिला ठाऊक नाही, आणि मी सांगायचं नाही असं मीच ठरवलेलं. किळस आली तिला — जगदीशच्या ओल्या बोटांची, शेवेच्या चुऱ्याची, रुखसारच्या त्या कोवळ्या हट्टाची, आणि सगळ्यात जास्त आपल्या स्वतःच्या आवाजाची. मी ठरवते काय चालेल ते. कोण काय आहे ते. कोण काय होऊ शकतं ते. फासा तिने जगदीशच्या हातातून हिसकावून घेतला होता, आणि आता तिची बोटंही तेलकट झाली होती.

दार उघडलं. फुई भाजलेल्या शेंगांचं ताट घेऊन आली. खाली ठेवलं आणि परत गेली नाही. गुडघ्यावर हात देत रुखसारच्या शेजारीच बसली.

"तुन्ही डाकीणले काय काय येस वं?" तिने विचारलं.

रुखसार खुलली. बिचारी! "खूप काही, फुई. उडता येतं. नजरेने माणूस गार करता येतो. कुणी अंगावर आलं तर त्याचे हात तिथेच सुकतात."

"उडता येस," फुई म्हणाली. एक शेंग फोडली, दाणे तळहातावर चोळले, टरफल फुंकलं. "माले तं पळता बी उनं नई."

अल्तमशने आधी मान खाली घातली, त्याला कळलं. मग रुखसारने हात तोंडावर नेला. जगदीश अजून अर्धवट हसत होता, आणि ते हसू आता कुठे ठेवायचं ते त्याला सुचत नव्हतं.

"फुई, तू आत जा," हेमलता म्हणाली.

"का बरं?"

"अगं, ह्यांना काही माहिती नाही. मी ह्या घरात ते नाव कुणाला काढू देत नाही, तुला ठाऊक आहे..."

"मी कवय सांगं तुले, नाव काढू नको म्हनीसन?" फुई शांतपणे म्हणाली. रागावली नव्हती. खरंच विचारत होती. "मी खरंच तशी ऱ्हातू ना पोरी, तं त्या गावना बठ्ठास्ले कवयच खाई टाकतू. उखर्डूले पहिले." आणि हसली, दात नसलेल्या जागेसकट, मोठ्याने.

कधी सांगितलं होतं? हेमलता आठवत राहिली. एसटीत फुई खिडकीबाहेर बघत होती, काही बोलली नव्हती. इथे आल्यावर एकदा दुपारी उडीद निवडता निवडता म्हणाली होती, त्या दिवशी काय झालं माहितीये का पोरी... आणि मी म्हटलं होतं, राहू दे फुई, नको ते विषय. पुन्हा एकदा, असंच. आणखीही एकदा, कुकर लावताना. मग ती गुणगुणायला लागली. मी समजले, विसरली.

"फुई, माफ करा," रुखसारचा आवाज ओला झाला होता. "मला नको ती डाकीण. मी दुसरं काही घेते."

"का बरं नको? घे ना वं. हात सुकाडनारी चांगली शे." फुईने तळहातावरचे दाणे तिच्या हातात ओतले. "नाव काय ठेवं तिन्हं?"

"अजून नाही ठेवलं."

"मन्हं दी टाक. गुंता."

रुखसारने हेमलताकडे पाहिलं. अल्तमशने पाहिलं. जगदीशनेही, शेव चावायचं विसरून. मास्तरीण काय म्हणते? फासा हेमलताच्या मुठीत होता, घामाने आणि तेलाने बुळबुळीत, आणि तिला तो टाकून द्यावासा वाटत होता, पण टाकला असता तरी कुठल्या तरी तोंडावर पडलाच असता. हो म्हटलं तर ही माझी फुई, ह्यांच्या खेळात, जगदीशच्या ओल्या बोटांखाली. नाही म्हटलं तर... नाही हा शब्द तिच्या जिभेवर तयारच होता, इतक्या वर्षांच्या सवयीने, आणि त्याला शेणाची चव होती.

तिने फुईकडे पाहिलं. फुई हसत नव्हती आता. तीही वाट बघत होती — आणि ती हेमलताच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, तिच्या तेलकट हाताकडे बघत होती.