माशी बसायच्या आत

घाटनांदूरच्या शिवारात बोअरखाली आमचा दोन गुंठ्यांचा एक तुकडा आहे. उन्हाळ्यात तिथं तासभरच पाणी येतं. यंदा तो तुकडा माझ्या सुनेनं, शिवांजलीनं, मागून घेतला. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. अर्ध्यात टमाटे आणि अर्ध्यात काकडी लावते म्हणाली. माझ्या मुलाच्या, योगीराजच्या, मनात तिथं म्हशींसाठी मका करायचा होता. तो म्हणाला, "लाव. पण पाडव्यापतोर दोन्हीला फळ धरलं न्हाई तर लखनचा ट्रॅक्टर बोलावून मोडून टाकतो. तासभर पाणी हाय, ते नुसत्या पाल्याला घालायचं न्हाई."

"मोडा," ती म्हणाली. "पण पाडव्याच्या आधी बोट लावायचं न्हाई."

रानडुकरं येऊ नयेत म्हणून तिनं चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधल्या. डुकरं थांबली, पण वाराही थांबला. टमाट्याला फुलं आली आणि देठापासून गळायला लागली. शिवांजलीनं कुणाकुणाला विचारून त्याचं कारण काढलं. टमाट्याचं फूल वाऱ्यानं हलतं, तेव्हा त्याची भुकटी त्याच्याच पोटात झडते आणि फळ धरतं. वारा नाही तर आपण हलवायचं. ती रोज नऊच्या सुमारास झाडं बांधलेल्या तारेवर काठीनं टकटक करत फिरायची. आठ-दहा दिवसांत वाटाण्याएवढे हिरवे टमाटे दिसायला लागले.

काकडीचं मात्र काही जमेना. वेल जोमदार होते, फुलं भरपूर होती. फुलामागं करंगळीच्या पेराएवढी काकडी यायची, टोकाकडून पिवळी पडायची आणि गळायची. शिवांजलीनं युरिया बंद केला, फवारणी बंद केली, पाणी संध्याकाळचं सकाळी केलं. काही फरक पडला नाही.

आता माझं सांगतो. आम्ही लिंगायत; आमच्याकडं तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत. पूजेला फूल लागतं. उन्हाळ्यात दारची जास्वंद वाळून गेली होती. म्हणून मी पहाटे परडी घेऊन काकडीत जात होतो. फूल माशी बसायच्या आत तोडायचं, बसलेलं फूल उष्टं, असं माझ्या वडिलांनी शिकवलेलं. म्हणून दिवस उगवायच्या आधी जायचो.

शिवांजलीनं एकदा बजावलं होतं, "अप्पा, काकडी आलेलं फूल तोडू नका."

"मला तेवढं कळत न्हाई का?" मी म्हणालो होतो.

आणि खरंच मी तसलं एकही फूल तोडलं नाही. ज्याच्यामागं काकडी आहे ते ठेवायचो. ज्याच्यामागं नुसता देठ आहे, तेवढीच काढायचो. तीही सगळी काढायचो, एक ठेवत नव्हतो. वांझ फुलं वेलाचं बळ उगाच खातात, असं मला वाटे. चाळीस वेल होते, परडी भरायची. चार फुलं माझ्या पूजेला घ्यायचो आणि बाकीची जाता जाता महादेवाच्या देवळात वाहायचो. सुनेच्या पिकाला आपलाही हातभार लागतोय, असं समाधान होतं. असे पंधरा दिवस गेले.

पाडवा पाच दिवसांवर असताना शेजारचा आश्रुबा बांधावरून चालला होता. त्याचा जन्म माळव्यात, भाजीपाला पिकवण्यात गेला. तो थांबला.

"मन्मथप्पा, काय करायलाव?"

"वांझ फुलं काढायलोय. वेलाचा भार बी कमी होतो अन देवाचं बी भागतं."

"रोज?"

"रोज."

आश्रुबा हसता हसता बांधावरच बसला. "अहो, वांझ कशाची? ते नवरदेव हायेत! तुमी रोज मांडवातले सगळे नवरदेव उचलून महादेवाच्या देवळात नेऊन बसवायलाव, अन सून इचारती, लेकरू कावून होईना!"

मला हसू आलं नाही. त्यानं माझ्या परडीतलं एक फूल घेतलं, त्याच्या पाकळ्या काढल्या आणि मधला दांडा माझ्या बोटावर घासला. बोट पिवळं झालं. मग तोच दांडा काकडीवाल्या फुलाच्या मध्ये टेकवला. "एवढंच काम असतंय. माशी हेच करती. तुमी तिच्या आधी उठता, ती काय करंल?"

मी परडी रिकामी केली नाही, तशीच घरी घेऊन आलो. गुपचूप तोडायचं थांबवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण पाच दिवसांत माश्यांच्या भरवशावर काय होणार होतं? मी परडी शिवांजलीसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं.

तिनं परडीतलं एक फूल उचलून उलटंपालटं केलं. "मी युरियाला दोष द्यायलते, अप्पा. पाण्याला द्यायलते."

"चुकलो मी."

"त्यान्ला तुमी सांगायचं. मी न्हाई सांगणार."

योगीराजचं गावात किराणा दुकान आहे, तिथं जाऊन त्याला सांगितलं. गिऱ्हाईक उभं होतं, तरी सांगितलं. पंधरा दिवस वाढवून दे म्हणालो. त्यानं तराजूवरून मान वर केली नाही. "अप्पा, चूक कुणाची का असंना, पाणी तेवढंच हाय. पाडवा म्हणजे पाडवा."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं जायला लागलो. मी एका ओळीला, ती दुसऱ्या. एक फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि दोन-तीन फुलांना टेकवायचं. माझे हात थरथरतात, म्हणून वेळ लागायचा. ती मागून येऊन माझी ओळ तपासायची. विश्वास राहिला नव्हता, आणि ते बरोबरच होतं. पूजेला मी नुसतं बेलाचं पान घ्यायला लागलो.

पाडव्याला गुढी उभी करून योगीराज शेतात आला. पाला बाजूला सारत ओळीनं बघत गेला. पहिल्या दिवशी टेकवलेल्या काकड्या बोटाएवढ्या झाल्या होत्या, टोकापर्यंत हिरव्या. त्यानं मोजायला सुरुवात केली आणि तिसाच्या पुढं मोजणं सोडलं. टमाट्याकडं गेलाच नाही, ते त्यानं आधीच पाहिले होते.

मोबाईल काढून म्हणाला, "लखन, येऊ नको बे आज. न्हाई, तसं काही न्हाई. काकडी धरली."

मग बायकोकडं न बघता म्हणाला, "तासभराचं पाणी तूच घे आता," आणि गेला.

वर आलेल्या उन्हात माश्या फुलांवर घोंघावत होत्या. माझी पूजा व्हायची होती. मी बेलाकडं वळलो, तर शिवांजलीनं परडी पुढं केली.

"हितून पुढं चार घेत जा, अप्पा," ती म्हणाली. "पण माशी बसून गेल्यावर. अन माझ्यासमोर."