खुणेला ठेवलेलं पत्र

भाच्याचं पत्र येऊन सहा आठवडे झाले, तरी मामांनी उत्तर धाडलं नव्हतं. भाचा जंगलात झाडं मोजायच्या कामावर होता. त्यानं लिहिलं होतं, 'मांडीला गोचीड चिकटली होती, ओढून काढली. आता तिथे तांबडं कडं उठलंय, रोज वाढतंय. तू एवढं वाचतोस, काय करू?' मामांनी चार पुस्तकं चाळली, तीन मसुदे लिहिले, तिन्ही फाडले. आपण कोण टिकोजीराव सांगणारे, म्हणत पत्र चौथ्या पुस्तकात खुणेला ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं.

मग ताईचा फोन आला. "पोरगा कामावर चक्कर येऊन पडला रे! नाडी चौतीसवर आलीय. चोवीस वर्षांच्या पोराच्या छातीत ठोके चालवणारं कायमचं यंत्र बसवायचं म्हणतात."

मामांनी कपाटातून ते चौथं पुस्तक काढलं. पुस्तक काखोटीला मारून ते इस्पितळात पोचले. पत्र दाखवायचं म्हणजे ताईसमोर चूक कबूल करायची. व्हरांड्यात दोन फेऱ्या झाल्या. शेवटी त्यांनी पत्र डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "हे कडं आम्हाला का नाही सांगितलंस?"

"मावळलं, मग विसरलो," भाचा पुटपुटला.

"गोचिडीचा संसर्ग हृदयापर्यंत गेलेला दिसतोय. वरच्या कप्प्याचा निरोप खालच्याला पोचत नाहीये. रक्त तपासू, पण सलाईनमधून औषध आजच सुरू करू. तोवर ठोके चालू ठेवायला हृदयात तात्पुरती तार घातली की पुरे. हे बहुतेक वेळा औषधानं बरं होतं. कायमच्या यंत्राची घाई नको."

ताई भावाकडे वळली. "सहा आठवडे पुस्तकात? अरे, तू माणूस आहेस की कपाट?"



रक्ताच्या तपासणीत संसर्गच निघाला. पाचव्या दिवशी नाडी बासष्टवर आली, सातव्या दिवशी तार निघाली. यंत्राचं नावही कुणी काढेना. ताईचा जीव भांड्यात पडला. तिनं भावाला स्वतःच्या हातानं चहा आणून दिला, म्हणजे माफी झाली.

"मामा," भाचा उशीला टेकून म्हणाला, "पत्राचं उत्तर अजून आलं नाही हं."

घरी येऊन मामांनी मसुदा न करताच लिहिलं, 'कडं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मामाला विचारत बसू नकोस.' दोन ठिकाणी खाडाखोड झाली. ती तशीच ठेवून, चपला अडकवून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले आणि पाकीट आत सोडलं.