नमुन्यांचा कोट

पाहुणे येणार म्हटलं की माणसं घर सजवतात. लिफ्टवाल्याच्या घरात त्या रविवारी उलटंच चाललं होतं. त्यानं खिडकीचा पिवळा-निळा पडदा काढला, उशांचे फुलाफुलांचे अभ्रे उतरवले आणि सगळं पलंगाखालच्या ट्रंकेत कोंबलं. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "तो कोट पण दे."

"अंगावरचा?"

"हो. आज तरी काहीतरी साधं घाल गं. थकलोय मी, वाद नको घालूस."

बायको पडद्यांच्या दुकानात शिवणकामाला होती. गिऱ्हाइकाला दाखवायचे कापडाचे नमुने, तो माल बंद झाला की दुकानदार कचऱ्यात फेकायचा. ती ते उचलून घरी आणायची. हातभर तुकडे, कडा करवतीसारख्या कातरलेल्या, कोपऱ्यात टांगायचं भोक. त्या भोकाभोवती ती लाल दोऱ्यानं फूल भरायची. तिच्या कोटाची एक बाही पट्ट्यांची, दुसरी ठिपक्यांची. पाठीवर भलामोठा पोपट, पण नमुना मध्येच संपला म्हणून त्याला माशाची शेपटी जोडलेली! गल्ली तिला 'सर्कस' म्हणायची. ती हसून म्हणायची, "तिकीट लावलं असतं तर एव्हाना बंगला झाला असता."

आज मात्र ती हसली नाही. लेकीला शिवणकाम शिकायला तंत्रशाळेत मोफत जागा हवी होती आणि ती देणाऱ्या संस्थेच्या दोन बाई घराची पाहणी करायला येणार होत्या. लिफ्टवाला दिवसभर करड्या गणवेशात स्टुलावर बसून लोकांना वरखाली नेत असे. कचेरीतल्या हेडक्लार्कनं त्याला लिफ्टमध्येच शहाणपण शिकवलं होतं, "वहिनींना जरा आवरा हो. गरीब माणूस गरीब दिसला पाहिजे. नाहीतर देणाऱ्याचा हात कसा सुटेल?"

कोपऱ्यातल्या खाटेवरून त्याची आई बोलली, "अरे, फुकटच्या तुकड्यांचा कोट तो. कुणाचं काय घेतलंय तिनं?"

"ते त्यांना कोण सांगणार, आई? लोक बघतात तेच खरं."

"मग रडका मुखवटा पण घे विकत! पोटाला कमी असलं म्हणून डोळ्यालाही उपाशी ठेवायचं, हा कुणाचा कायदा रे? त्या पैसेवाल्यांनी चित्रविचित्र घातलं की हौस, आणि माझ्या सुनेनं घातलं की थेर?"

"आई, आजचा एक दिवस गप्प बस. पोरीसाठी."

पोरीसाठी म्हटल्यावर म्हातारी खाटेवर आडवी झाली. बायकोनं कोट काढला, घडी घातली, पोपट आत जाईल अशी, आणि ट्रंकेत ठेवला. शेजारणीचा मातकट झगा अंगात चढवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

बाई आल्या. एक वयस्कर, एक तरुण. भिंतीचा उडालेला रंग पाहून वयस्कर बाईंनी समाधानानं मान हलवली. बायको समोर उभी असताना तरुण बाईला म्हणाल्या, "बिचारी! बघ, चेहऱ्यावरच दिसतं." मग लिफ्टवाल्याला विचारलं, "ही बोलते ना?"

"बोलते की," तो म्हणाला. दिवसभर त्याच्यासमोरही लोक असंच विचारत, त्याच्या डोक्यावरून, एकमेकांना. 'ही लिफ्ट चालू आहे ना?'

तेवढ्यात म्हातारी चाचपडत उठून बसली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "सूनबाई कुठं गेली रे? केव्हापासून बघतेय, दिसत नाही."

"इथंच आहे मी, आई. तुमच्यासमोर."

"कुठं? भिंतच दिसतेय मला. अगं, तुम्ही सगळे मला सावल्यांसारखे दिसता. तू तेवढी दिसायचीस!"

लिफ्टवाल्यानं बायकोकडे पाहिलं. खरंच, मातकट झगा, मातकट भिंत. पाहणीच्या धाकानं त्यानं स्वतःच्या हातानं तिला पुसून टाकलं होतं! त्यानं लेकीकडे पाहिलं. जागा तिची जाणार होती. लेक खाली बसली आणि तिनं ट्रंक बाहेर ओढली.

कोट त्यानं स्वतः बायकोच्या खांद्यावर घातला.

"आता दिसली!" म्हातारी ओरडली. "हा बघ माशाचा पोपट!"

वयस्कर बाईंच्या कपाळाला आठी पडली. "अशी हौस परवडते, मग मदत कशाला मागता?"

"कचऱ्यातले तुकडे आहेत, बाई," लिफ्टवाला शांतपणे म्हणाला. आवाज चढवायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. "तुम्हाला आमची गरज बघायची होती, ती तशीच आहे. पण बिचारं दिसून दाखवा म्हणाल तर ते आता जमणार नाही. हातानं शिवलंय तिनं. लेकही तिच्याकडूनच शिकलीय, म्हणून तर तिला ती शाळा हवी आहे."

"कळवू," बाई म्हणाल्या.

कळवलं. जागा मिळाली नाही. गोड शेवट करून तुम्हाला झोपवायला ही गोष्ट लिहिलेली नाही. लेक आता दिवसा आईशेजारी पडदे शिवते, संध्याकाळच्या वर्गाला जाते. शिक्षणाला वर्षं जास्त लागतील. बापाला त्याची रुखरुख आहे, आणि ती राहणार.

त्याच्या करड्या गणवेशाची कॉलर बायकोनं परवा उलटवून शिवली. आतून नारिंगी ठिपके लावले. हेडक्लार्कला ते दिसलेच. "हे काय हो? तुम्हीपण सर्कशीत?"

"हो साहेब," तो म्हणाला. "आई म्हणते, आता मीपण दिसतो."

लोकहो, गरिबाला द्यायचं असेल तर द्या, नसेल तर देऊ नका. पण देण्याआधी त्याच्या अंगावरचा रंग उतरवून घेऊ नका. माणूस आधी नजरेआड करायचा आणि मग त्याची कीव करायची, याला दान म्हणत नाहीत!