शुक्रवारचं चीज

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, आणि मी ते कधी नाकारलेलंही नाही. माझा नवरा रोसेंदो जिवंत असताना म्हणायचा, "टेन्चा, मिरच्या भाजायच्यात ना? मग आधी बाहेर एक चक्कर मारून ये." मेक्सिकोच्या उत्तरेला, आमच्या चिवावात मानतात, की रागावलेल्या बाईने भाजलेली मिरची दुप्पट झोंबते. अठ्ठावीस वर्षं माझ्या हातचं जेवल्यावर रोसेंदोला त्यात काही शंका उरली नव्हती.

तर त्या सप्टेंबरात मी माझ्या सुनेला केसादिया शिकवत होते. हुस्तिना तिचं नाव. आठवा महिना चाललेला, पोट ओट्याला टेकतंय, आणि ही बया भाजलेली मिरची नळाखाली धरून सोलतेय!

"अगं, काय करतेस! सगळी चव गेली मोरीत!"

"बोटं पोळतात, दोन्या टेन्चा." दोन्या म्हणजे बाईसाहेब, मानाने म्हणते ती.

"पोळू देत. पिशवीत बांधून ठेवायच्या, चांगला घाम सुटला की साल हातानेच निघते. पाण्याचा थेंब लावायचा नाही. किती वेळा सांगू?"

ती हसली. मी ओरडले की बाकीचे लोक पळतात, ही हसते. याचाच मला राग येतो आणि याचसाठी ती मला आवडते.

बीफचे पातळ काप मी कांद्याबरोबर तव्यावर परतले. मीठ, मिरी, दुसरं काही नाही. त्यात मिरचीच्या पट्ट्या. मग मैद्याची तोर्तिया, म्हणजे आमची पातळ पोळी, तव्यावर टाकायची, अर्ध्या भागावर किसलेलं चीज, त्यावर मांस आणि मिरची, वरून परत चीज, आणि दुमडून दाबायची. दोन्हीकडून तपकिरी डाग पडले की झालं. यात अवघड असं काहीच नाही, चीज तेवढं चांगलं हवं. आणि नेमकं तेच आमच्या घरात नव्हतं. मोठ्या दुकानातल्या त्या पिवळ्या चीजला तेल सुटलं आणि ते सगळं एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलं.

हुस्तिनाने तिची केसादिया उघडली, आत बघितलं आणि काही न बोलता परत मिटली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. चीजमधलं तिच्याइतकं आमच्या घरात कुणाला कळत नाही, कारण आख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात चांगलं चीज करतात ते तिचे वडील.

हाकोबो त्यांचं नाव. शहराबाहेरच्या मेनोनाइट वस्तीत राहतात; ख्रिस्तीच, पण पंथ वेगळा, भाषा वेगळी, नियम कडक. दर शुक्रवारी बाजाराच्या कोपऱ्यावर ट्रक लावतात, अंगात निळी डंगरी, डोळ्यांपर्यंत ओढलेली टोपी. तीस वर्षं मी त्यांचंच चीज घेत आले, आणि तीस वर्षांत आमचं बोलणं एवढंच झालं: "किती?" "एक किलो." मग माझा मुलगा इस्माएल त्यांच्याकडे दूध थंड करायचं यंत्र दुरुस्त करायला गेला. यंत्र लगेच चालू झालं, तरी हा आठवड्याला जातच राहिला, आणि वर्षभरात पोरगी आमच्या घरी आली.

वस्तीबाहेर, आमच्या चर्चमध्ये लग्न केलं म्हणून तिच्या लोकांनी तिला वाळीत टाकलं. लग्नाला तिच्याकडचं एक माणूस फिरकलं नाही. चर्चमध्ये डावीकडचे सगळे बाक रिकामे, आणि ही मुलगी सारखी मागे वळून दाराकडे बघतेय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या शुक्रवारी तडक ट्रकपाशी गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर तोंड सोडलं.

"तुमचं वासरू हरवलं तर रानोमाळ शोधत फिराल! आणि पोटची पोरगी टाकून दिलीत?"

हाकोबोंनी मान वर केली नाही. नेहमीसारखा एक किलोचा तुकडा कापला, कागदात गुंडाळला आणि पुढे धरला. मी तो तिथेच फळीवर आपटला आणि निघून आले. त्याला पंधरा महिने झाले. तेव्हापासून आमच्याकडे दुकानातलं चीज.

"खा गं, गार होतंय," मी म्हटलं.

तिने एक घास खाल्ला. मग ताटाकडेच बघत म्हणाली, "माझी एकच इच्छा आहे. बाळ यायच्या आधी बाबांनी एकदा माझ्यासमोर बसून जेवावं. एकदाच."

"मग बोलाव की त्यांना."

"ते येऊ शकत नाहीत. चार शब्द बोलायला चालतं. पण वाळीत टाकलेल्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही. त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. त्यांनी ते केलं तर त्यांनाही बाहेर काढतील. मग त्यांच्याजवळ काय उरेल? माझी आई तिथे पुरलीय. भाऊ तिथे आहेत. गाई तिथे आहेत."

"नियम कसले डोंबलाचे!"

"तुम्ही रागावू नका. मी नाही त्यांच्यावर रागावलेली."

पंधरा महिने मी तिच्या वतीने रागावत होते, आणि ते काम तिने मला कधी सांगितलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी बाजारात गेले. ट्रक तिथेच होता. गिऱ्हाईक पांगेपर्यंत उगाच बटाटे घेत राहिले, मग पुढे झाले. माफी मागायची मला सवय नाही.

"मागच्या वेळी मी जरा जास्तच बोलले."

"हो," हाकोबो म्हणाले. आणि मग, "किती?"

"एक किलो आत्ता. आणि चीजचं एक अख्खं गोल चाक."

त्यांनी टोपी वर केली. "चाक दहा किलोचं आहे."

"माहितीय. माझी पाठ धरलीय. घरी आणून द्यावं लागेल. आजच, दोन वाजता."

माझ्या पाठीला धाड भरली नव्हती, आणि ते त्यांनाही दिसत होतं, कारण माझ्या दुसऱ्या हातात बटाट्यांनी भरलेली मोठी थैली होती. त्यांनी थैलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांचं स्पॅनिश तोडकं, एकेक शब्द मोजून काढल्यासारखं.

"दोन वाजता," ते म्हणाले.

घरी येऊन मी कागदाची पुडी ओट्यावर ठेवली. हुस्तिनाने ती उघडली, नाकाशी नेली आणि खुर्चीत बसली. "हे आमच्या घरचं आहे." तिला मोठ्याने रडायची सवय नाही. डोळे भरतात, एवढंच.

"दोन वाजता तुझे वडील येतायत. ऊठ, चीज किस."

ती पांढरीफटक पडली. "ते बसणार नाहीत, दोन्या टेन्चा. मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

"माझ्या घरात माझे नियम. कसे बसत नाहीत तेच बघते!"

मिरच्या मीच भाजल्या. बाहेर चक्कर मारायला वेळ नव्हता. हुस्तिना तव्यापाशी उभी राहिली, आणि त्या दिवशी चीज बघण्यासारखं वितळलं, पांढरं, एकजीव. मी अंगणातलं टेबल पुसलं. पेकानच्या झाडाखालचं हे टेबल रोसेंदोने केलेलं, बारा माणसांचं. एवढं मोठं दारातून जाईना, म्हणून बिचाऱ्याने ते दोन भागांत केलं होतं, पण जोडून वर मेणकापड अंथरलं की एकच दिसायचं. एका टोकाला मी त्यांचं ताट मांडलं आणि त्याला लागून मुद्दामच तिचं.

दोनच्या ठोक्याला हाकोबो आले. खांद्यावर चीजचं चाक. हुस्तिना केसादियांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्यांनी तिच्या पोटाकडे बघितलं, बराच वेळ.

"युस्टिना," ते म्हणाले. त्यांच्याकडे तिला तसं म्हणतात. ते मला तेव्हाच कळलं.

मी खुर्ची ओढली. "बसा."

"नाही."

"बसा म्हणते ना."

"बाई, मला बसता येत नाही."

झालं. माझा पारा चढला. "मग कशाला आलात? सकाळपासून त्या तव्यापुढे उभी आहे ती, आठव्या महिन्यात! तुमच्यासाठी! ठेवा ते चीज आणि चालू लागा!"

"दोन्या टेन्चा, नको," हुस्तिना म्हणाली. फार हळू म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं आणि भानावर आले. तो माणूस आला होता, पंधरा महिन्यांनी अंगणात उभा होता, आणि मीच त्याला हाकलत होते.

हाकोबो चाक ठेवायला टेबलापाशी गेले. ते त्यांनी मधोमध ठेवलं, तसं मेणकापड जोडाच्या फटीत किंचित दबलं. त्यांनी तिथे अंगठा फिरवला. मग चाक उचलून खुर्चीवर ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि टेबलाच्या खाली बघत राहिले.

"हे कुणी केलं?"

"माझ्या नवऱ्याने."

"चांगला सुतार."

"होता," मी म्हटलं.

"याला आठ पाय आहेत," ते म्हणाले.

मला काहीच उमगलं नाही. आठ तर आठ, त्याचं काय एवढं! पण हुस्तिनाला उमगलं. तिने ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

हाकोबोंनी मांडलेली ताटं उचलून बाजूला ठेवली. मेणकापड ओढून काढलं, नीट चौकोनी घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मग टेबलाचा अर्धा भाग दोन्ही हातांनी धरून सरकवला. फटीत आडवा हात घालून बघितलं. चार बोटं. पुरेसं वाटलं नसावं, कारण आणखी थोडं सरकवलं.

"आता टेबलं दोन आहेत," ते म्हणाले. त्यांनी टोपी काढली आणि बसले.

तीस वर्षांत मी त्यांचं डोकं पहिल्यांदा बघितलं. भुवयांच्या खाली विटेसारखा भाजलेला चेहरा आणि वर लहान मुलासारखं पांढरं कपाळ. हुस्तिना समोर, दुसऱ्या टेबलाशी बसली. ताट तिने आपल्या टेबलावर ठेवलं. मी ते उचललं आणि पलीकडे त्यांच्यापुढे ठेवलं. तिच्या हातून घ्यायचं नव्हतं, माझ्या हातून चालत होतं.

दोघांनी प्रार्थनेसाठी एकाच वेळी मान खाली घातली, एकाच वेळी वर केली. हाकोबोंनी पहिला घास घेतला. चीजची तार लांब आली, ती त्यांनी बोटाने तोडली. चावलं. मग ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायचं सोडून ते तसेच खात राहिले.

"तिखट आहे," शेवटी म्हणाले.

"मिरच्या माझ्या आहेत," मी म्हटलं.

"वाटलंच," ते म्हणाले. हुस्तिना तोंडावर हात घेऊन हसली, आणि तेही हसले. बाप-लेक अगदी सारखे हसतात.

मग ते त्यांच्या भाषेत बोलू लागले. मला एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून मी आत गेले आणि नको असताना आणखी तोर्तिया तव्यावर टाकल्या. खिडकीतून दोघं समोरासमोर बसलेले दिसत होते. मला फार लाज वाटली. मी जन्मभर एकच गोष्ट करत आले: दार उघडलं नाही की लाथ घालायची. त्या दिवशीही तेच केलं असतं, आणि ते दार कायमचं बंद झालं असतं. हा माणूस मला दगड वाटला होता. त्याला बसायला जागा हवी होती, आणि मी त्याच्यापुढे ती मांडलीच नव्हती. माझ्या टेबलाचे पाय मी तीस वर्षांत कधी मोजले नव्हते.

हाकोबोंनी चार केसादिया खाल्ल्या. निघताना टोपी घालून माझ्यापाशी आले.

"कधी?"

"नोव्हेंबरात."

"पाळणा आहे. तिच्या आईचा. पुढच्या शुक्रवारी आणतो." टोपी आणखी खाली ओढली. "दोन वाजता."

"मिरच्या मी भाजणार नाही," मी म्हटलं.

"चालतील," ते म्हणाले.

संध्याकाळी इस्माएल कामावरून आला. सफरचंदांच्या हंगामात शीतगृहांची यंत्रं सारखी बिघडतात, दमून गेला होता. अंगणात आल्या आल्या म्हणाला, "अमा, हे टेबल कुणी हलवलं?" आणि कंबरेने ढकलून जोडायला लागला.

"हात लावू नकोस!" मी अशी ओरडले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"अगं, पण मेणकापड कसं बसणार त्यावर?"

हुस्तिना दारात उभी होती. मी शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री काढली, मेणकापडाची घडी उलगडली, आणि ते मधोमध कापलं.