तुळजापूरला निघालेली चामराजपेटची जीप

मित्रांनो, उंच चाकांची, जाड पत्र्याची आणि चारही चाकांनी चिखल तुडवणारी मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हटलं की तुम्ही लगेच कीव कराल. ती करू नका. माझं इंजिन अजून पहिल्या हाकेला ओ देतं. आवाज तेवढा मोठा आहे. मी सुरू झाले की बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत समोरच्या घरातलं बाळ दचकून उठतं आणि त्याची आई माझ्याकडे अशी बघते, की मला बॉनेट झाकून घ्यावंसं वाटतं.

कारखान्यातून निघाले ती थेट सकलेशपूरच्या कॉफीच्या मळ्यात गेले. तिथे पावसाळ्यात रस्ता नावालाच उरायचा. मजूर, खताची पोती, एकदा तर बाळंतपणाला निघालेली बाई, असं सगळं पाठीवर घेऊन मी ते चढ चढले. मग मालकांनी नवी गाडी घेतली आणि मला बेंगळुरूच्या हणमंतरावांनी घरी आणलं.

हणमंतराव शिंपी. त्यांचे पूर्वज कधीतरी मराठी मुलखातून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दुकानात कन्नड, पण कुलदेवी तुळजापूरची भवानी. ते शाळांचे गणवेश शिवायचे आणि कपड्यांचे गठ्ठे मी पोहोचवायचे. माझा आवाज ऐकला की शाळेचा शिपाई फाटक उघडून उभा राहायचा. ते माझे मानाचे दिवस. पुढे गठ्ठे न्यायला भाड्याचे टेम्पो आले आणि मी शेडमध्ये जाऊन बसले. माझ्या बॉनेटवर शकुंतलाबाई पापड वाळत घालू लागल्या. जी मळ्यातले चढ चढली, तिच्या अंगावर उडदाचे पापड! मला फार वाईट वाटायचं, उगाच कशाला लपवू?

मग घरात नात आली, रूपश्री. या घराची रीत अशी, की मुलाचं पहिलं जावळ तुळजापूरला देवीपुढे काढायचं. हणमंतरावांनी जाहीर करून टाकलं, "जाणार ते आपल्याच गाडीतून."

त्यांचा मुलगा पवनकुमार कपाळाला हात लावून म्हणाला, "अण्णा, ती गाडी तुमकूरच्या पुढं जाणार नाही. भाड्याची करू या."

"माझी नात भाड्याच्या गाडीतून देवीकडं जाणार नाही."

शेवटी बोलली ती सून, विद्याश्री. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते आणि घरातलं सर्वांत शांत डोकं तिचंच. "गाडी मी चालवते अण्णा. पण आधी नीट दुरुस्त करून घ्यायची. आणि मला जरा जरी शंका आली, तर जायचं नाही. सरी?"

"सरी, ठीक आहे," हणमंतराव म्हणाले. माझं नशीब असं उघडलं.

शेजारच्या गल्लीतला दामोदर मिस्त्री कामाला लागला. स्प्रिंगचे पाटे बदलले, टायर नवे आले. ब्रेकचे लायनर, आतली रबरं, ब्रेक ऑइल, सगळं नवं घातलं. मागच्या बाकावर रूपश्रीची छोटी खुर्ची पट्ट्यांनी आवळून बसवली. हणमंतराव रोज येऊन माझ्याभोवती फेरी मारायचे, आणि गल्लीतला कुणी दिसला की त्याला थांबवून माझं इंजिन दाखवायचे. म्हातारपणी नवरीसारखं नटायला मिळालं, मी तर हवेतच होते.

दसरा आला. आयुधपूजेला इथे गल्लीगल्लीत गाड्या धुतात, हार घालतात. हणमंतरावांच्या घरी आणखी एक रीत आहे. त्या दिवशी शिलाई मशीन बंद ठेवायची, आणि घरातल्या वडीलधाऱ्याने आपल्या हाताने प्रत्येक मशीनला तेल द्यायचं. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस अंगाला तेल, अशी त्यामागची माया. कात्रीच्या खिळ्यालासुद्धा थेंब मिळतो.

त्या दुपारी लांब नाकाची तेलाची कुपी घेऊन हणमंतराव माझ्यापाशी आले. बॉनेट उघडलं. मला आतून गुदगुल्या झाल्या, कारण इतक्या वर्षांत मला कुणी हा मान दिला नव्हता. त्यांची नजर फिरत फिरत ब्रेक ऑइलच्या डबीवर थांबली. डबी काठोकाठ भरलेली नव्हती. तशी ती नसतेच. "अग बाई, तुझं तेल कमी आहे की," ते मायेने पुटपुटले. झाकण काढलं आणि मशीनचं तेल आत सोडलं. थेंबावर न थांबता, डबी भरेपर्यंत.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी किंचाळले असते. ब्रेकच्या डबीत मशीनचं तेल पडलं, की ब्रेकमधली रबरं फुगतात. आधी ब्रेक धरून ठेवतात. पुढे ती रबरं कुजून फाटतात, आणि मग एखाद्या दिवशी पाय दाबला की तो सरळ जमिनीला टेकतो. गाडी थांबतच नाही. हणमंतरावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी झाकण लावलं, बोटांना लागलेलं तेल माझ्या पत्र्यावर पुसलं, हात जोडले आणि ते गेले. पाहणारं कुणी नव्हतं. ज्याचा हात माझ्यावर सर्वांत जास्त मायेने फिरला, त्याच हाताने हे व्हावं!

दिवाळीनंतर निघायचं ठरलं होतं. सवय व्हावी म्हणून विद्याश्री मला कामावर नेऊ लागली. पहिल्या दिवसांत काही जाणवलं नाही. मग हळूहळू मी जड झाले. कुणीतरी मागून पदर धरून ओढावं तसं मला व्हायचं. एका सकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावर माझ्या चाकांतले ब्रेकचे ड्रम इतके तापले, की मलाच चटके बसू लागले. खाली उतरल्यावर विद्याश्रीने नाक आक्रसलं. तिने मला कडेला घेतलं आणि चाकाजवळ हात नेऊन झटकन मागे घेतला.

आता माझी कोंडी बघा. आदल्याच दिवशी पवनकुमार म्हणाला होता, "आणखी एक तक्रार आली की ही भंगारात." म्हणजे मी बोंब मारली तर मी संपले, आणि गप्प बसले तर ती माणसं. वासाखेरीज माझ्याकडे दुसरी भाषा नव्हती. मी विचार केला नाही, सगळ्या चाकांनी वास सोडला.

संध्याकाळी दामोदरने चाकं फिरवून पाहिली. "अक्का, लायनर नवे आहेत. घासूनच बसणार. स्वल्प सैल करतो."

"वास मात्र वाईट होता, दामोदरण्णा."

"जुनी गाडी आहे अक्का. वास करणारच."

दोष त्याला तरी कसा देऊ? सगळं नवं सामान त्याने स्वतः बसवलेलं. डबी उघडण्याचं कारणच नव्हतं. बाहेरून ती भरलेली दिसत होती. त्याने ब्रेक सैल केले आणि मी हलकी धावू लागले. वास गेला. पवनकुमारसुद्धा म्हणाला, "बरी पळालीये हं." सगळे खूश झाले, आणि मी मात्र भीतीने गार पडले. कारण दुखणं आतल्या आत वाढतच होतं, आणि ते सांगायची माझी एकमेव भाषाही त्यांनी सैल करून टाकली होती.

निघायचा दिवस उजाडला. टपावर सामान बांधलं. शकुंतलाबाईंनी डब्यांची चवड आत रचली आणि नातीला खुर्चीत बसवून स्वतः शेजारी बसल्या. रूपश्रीचं जावळ कपाळावर भुरभुरत होतं. पवनकुमारने माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली. कोहळा ओवाळून रस्त्यावर आपटला, लाल कुंकू सगळीकडे उडालं. विद्याश्री स्टिअरिंगमागे येऊन बसली, किल्ली फिरवली. मी सुरू झाले. बाळ हसलं. मी मनात भवानीला म्हणाले, आई, निदान इथेच, या गल्लीत, काहीतरी बिघडव माझं.

तेवढ्यात हणमंतराव म्हणाले, "थांबा, बंद कर गाडी. प्रवासाला निघताना तिला तेल द्यायचं राहिलं."

ते आत जाऊन कुपी घेऊन आले आणि त्यांनी बॉनेट वर केलं. बॉनेटच्या आड विद्याश्रीला काही दिसेना. पवनकुमार टपावरची दोरी ताणत होता. हणमंतरावांची बोटं झाकणाकडे गेली. झाकण फिरेना. आतलं रबर फुगून बसलं होतं.

"अण्णा, बंद करा की बॉनेट. ऊन व्हायच्या आत तुमकूर गाठायचंय."

"स्वल्प थांब गं. झाकण घट्ट बसलंय."

"कशाचं झाकण?"

मित्रांनो, एवढ्या एका प्रश्नाची मी दसऱ्यापासून वाट पाहत होते. विद्याश्री उतरून पुढे आली. हणमंतरावांनी जोर लावून झाकण काढलं होतं आणि कुपीचं नाक डबीवर टेकवलं होतं. तिने त्यांचं मनगट धरलं.

"काय करालाय अण्णा?"

"तेल घालालोय. असं काय बघतीस? दसऱ्याला घातलं होतं की."

"यात? हेच तेल?"

"मग? मशीनचंच. चांगलं."

विद्याश्रीने कुपी त्यांच्या हातून काढून घेतली. तिने पवनकुमारला हाक मारली आणि दामोदरला धरून आणायला सांगितलं. दामोदर धावत आला. त्याने झाकणातलं फुगलेलं रबर दोन बोटांत धरलं आणि हणमंतरावांपुढे केलं.

"अण्णा," तो म्हणाला, "सोलापूरपर्यंत पोचलाही असता. पण तुळजापूरचा घाट उतरताना पाय दाबला असता, तर खाली काहीच लागलं नसतं."

हणमंतरावांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. रूपश्री खुर्चीचा पट्टा चोखत बसली होती.

"कोहळा फुटलाय," शकुंतलाबाई आतून घाबऱ्या आवाजात म्हणाल्या. "आता मागं फिरणं बरं नव्हे. दुसरी गाडी बोलवा, पण निघा."

"देवी कुठं जात नाही," हणमंतराव म्हणाले. ते खाली बसले आणि माझ्या चाकांखालची लिंबं त्यांनी एकेक करून स्वतः काढून घेतली. उभे राहिले तेव्हा ते पवनकुमारला म्हणाले, "तुझंच खरं. विकून टाक हिला. माझ्याकडून आता हिची देखभाल व्हायची नाही."

इतकी वर्षं मी भंगाराला भीत होते. पण त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला भंगाराचं काहीच वाटलं नाही. त्यांचंच वाईट वाटलं.

पवनकुमार काहीतरी बोलणार होता, पण विद्याश्रीने हात वर केला. "गाडीचा काय दोष, अण्णा? तिनं सांगितलं होतं. चाकं तापवून, वास सोडून सांगितलं होतं. आम्हीच म्हणालो, जुनी आहे, वास करणारच. आणि तुम्ही तेल घातलंत ते कुणी पाहिलं नाही, तुम्हीही कुणाला विचारलं नाही. आता सगळी रबरं नवी घालू, नळ्या धुऊ, आणि हिच्यातूनच जाऊ. तुम्ही पुढं माझ्याशेजारी बसायचं."

तिनं सांगितलं होतं! मित्रांनो, आयुष्यभर मी माणसांची ओझी वाहिली, पण माझं म्हणणं कुणाला कळलं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

दामोदरने माझे ब्रेक पुन्हा मुळापासून उघडले. या वेळी तो प्रत्येक वस्तू बसवताना हणमंतरावांना दाखवत होता, आणि हणमंतराव हात पाठीमागे बांधून बघत होते. मग आम्ही निघालो. देवीपुढे जावळ निघालं. परतताना घाटात, एका वळणावर, पुढचा उसाचा ट्रॅक्टर अचानक थांबला. हणमंतरावांनी समोरची दांडी घट्ट धरली. विद्याश्रीने पाय दाबला, आणि मी थांबले. ट्रॅक्टरच्या अलीकडे, अगदी अलगद. मागे शकुंतलाबाईंचं बोलणंसुद्धा तुटलं नाही. हणमंतरावांनी दांडी सोडली, माझ्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि तो घाट संपेपर्यंत काढला नाही.

तर मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूवर माया जरूर करा, पण तिला काय हवं, काय सोसत नाही, हे जाणत्याला विचारून करा. ती तापली, जड झाली, तिला वास आला, तर जुनी आहे म्हणून सोडून देऊ नका. आम्हाला वेगळी वाचा नसते. आम्ही तेवढंच बोलू शकतो, आणि ते तुमच्याचसाठी बोलतो. त्या वळणावर टक्कल केलेली रूपश्री आजीशेजारी आपल्या खुर्चीत गाढ झोपली होती, आणि मी थांबले तेव्हा तिची झोप मोडली नाही.