बरी झालेली माणसं

हौसराव पऱ्हाड गेले त्याला महिना झाला, तेव्हा त्यांच्या गावी, केंदूरच्या शाळेत शोकसभा ठेवली. हौसरावांनी मुंबईत राहून जन्मभर वैद्यकाचा इतिहास लिहिला. प्लेग, पटकी, देवी. कुठल्या गावात कुणाला काय झालं आणि कुणी काय उपाय केले, हे धुंडाळण्यात त्यांची हयात गेली. लग्नही केलं नाही. पुण्याहून आलेले प्राध्यापक म्हणाले, "सरांना अभ्यासाशिवाय दुसरा नाद नव्हता."

पहिल्या रांगेत बसलेल्या दगडाबाईंना, हौसरावांच्या थोरल्या बहिणीला, हे काही पटलं नाही. शेजारी बसलेल्या आपल्या मुलाला, सत्यजीतला त्या म्हणाल्या, "नाद व्हता की. मला उठव."

माईक सत्यजीतनंच त्यांच्या तोंडापुढं धरला.

"एक्क्याण्णव साली माझं पोटाचं आपरेशन मुंबईला झालं," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातनं सोडलं, तर ह्यो मला घरी न्यायचं सोडून जुहूला घेऊन गेला. सांज झाली व्हती. समुद्र, घोडागाड्या, हातानं फिरवायचं पाळणं, फुगं फोडनारी पोरं. दर ऐतवारी तिथंच जायाचा. पाळणेवाला ह्याला नावानं वळखत व्हता!"

सभेत हसू फुटलं. दगडाबाई हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांना भावाचा रागच आला होता. धाकटं भावंड देवीनं गेलं, त्यापायी हा या अभ्यासाला लागला, असं त्या साऱ्या गावाला सांगत आल्या होत्या. आणि हा पन्नाशीचा बाप्या बर्फाचा गोळा चोखत पाळण्यात बसलेला. "लाज न्हाई वाटत व्हय रं?" त्यांनी तिथंच विचारलं होतं.

त्यावर तो काय बोलला ते त्यांनी सभेला सांगितलं.

"म्हनला, 'आक्का, कागदांत मला निस्ती आजारी आन् मेलेली मानसं भेटत्यात. बरा झालेला मानूस उठून निघून जातो. तो कुठं गेला, कुनी लिहीत न्हाई. त्याला बघायला मी हितं येतो.'"

सभा संपली. सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं, तेव्हा धनगरवस्तीवरच्या अनसाबाई जवळ येऊन टेकल्या. चेहराभर देवीचे वण.

"तुमचं भाऊ आलं व्हतं माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "देवी कशा आल्या, कुनी काय लावलं, समदं इचारलं. आन् मग म्हनलं, मावशी, बऱ्या झाल्यावर पैल्यांदा काय केलंत? आजवर मला कुनी इचारलं नव्हतं."

"मग? काय सांगितलंत?"

"मेंढरं वढ्याकडं निघाली व्हती. त्यांच्या मागं पळत सुटले. आय वरडत व्हती, पडशील म्हनून. पर पाय थांबंनात."

दगडाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. फाटकाशी प्राध्यापकांची गाडी सुरू झाली होती.

"सत्या, त्यांना जरा थांबीव," दगडाबाई म्हणाल्या. "म्हनावं, च्या घेऊन जावा. आन् ह्या बाई काय सांगत्यात ते ऐकून जावा."